ई१ वरून एसआयपी ट्रंकवर जाताना: ३२ सेकंदांनी तुटणारे कॉल, अवेळी येणारे ५०३ आणि बँडविड्थचा हिशोब

घाटमाथा_नेट (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमच्या कंपनीकडे एक्सेस सेवेचा परवाना आहे. ग्राहक बहुतेक पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर इथले: कारखाने, रुग्णालयं आणि दोन कॉल सेंटर. एका मोठ्या ऑपरेटरशी इंटरकनेक्ट (दोन नेटवर्कमधली जोडणी) आजवर ८ ई१ वर होतं (एका ई१ मध्ये आवाजाचे ३० चॅनेल), म्हणजे एकूण २४० चॅनेल. ते आता एसआयपी ट्रंकवर नेतोय, म्हणजे कॉल आयपी नेटवर्कवरून. काठावर एसबीसीची (नेटवर्कच्या सीमेवर कॉल तपासून पुढे देणाऱ्या यंत्राची) जोडी, त्यामागे सॉफ्टस्विचचे (कॉल जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे) दोन नोड, आणि ऑपरेटरपर्यंत ५० एमबीपीएसची स्वतंत्र लीज्ड लाइन. मध्ये सार्वजनिक इंटरनेट कुठेच नाही. निम्म्याहून थोडी जास्त वाहतूक वळवून पाहिली, त्यात हे दिसतंय:

१. बाहेरून येणाऱ्या कॉलपैकी साधारण निम्मे बरोबर ३२ सेकंदांनी तुटतात. तोवर आवाज दोन्हीकडून स्वच्छ. बाहेर जाणाऱ्या कॉलना काही त्रास नाही.

२. सकाळी ११ ते १ या वेळात ऑपरेटरकडून ५०३ (सेवा उपलब्ध नाही) येतात. त्या वेळी चालू कॉल १३० च्या आसपास, करार मात्र २४० चा. शिवाय एक ५०३ आला की पुढची पाच मिनिटं सगळेच कॉल जुन्या ई१ वर जातात.

३. दुसऱ्या नंबरवरून फॉरवर्ड होऊन येणारे काही कॉल आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. ऑपरेटर म्हणतो इन्व्हाइट (कॉल सुरू करणारा संदेश) पाठवलाय. आमच्या एसबीसीच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नाही.

४. आवाजाचा कोडेक जी.७११ ठेवावा की जी.७२९? सगळे २४० कॉल चालू झाले तर ५० एमबीपीएस पुरतील का?

५. रुग्णालयांचे फॅक्स दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अडकतात.

उरलेली वाहतूक वळवण्याआधी हे मिटवायचं आहे. आकड्यांसकट सांगितलंत तर फार उपकार होतील.

---

लॅडर_वाचक

क्रमांक १ पासून सुरुवात करतो, कारण ३२ हा आकडाच सगळं सांगून जातो.

आरएफसी ३२६१ (एसआयपीचं मूळ मानक) मध्ये टी१ हा टायमर ५०० मिलिसेकंदांचा आहे आणि ६४ गुणिले टी१ म्हणजे ३२ सेकंद. कॉल उचलला की उचलणारी बाजू २०० ओके (कॉल उचलला) पाठवते आणि समोरून पोच म्हणून अ‍ॅक येण्याची वाट पाहते. अ‍ॅक आला नाही तर तोच २०० ओके अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन आणि चार सेकंदांच्या अंतराने, आणि नंतर दर चार सेकंदांनी परत जातो. शेवटचा जातो ३१.५ व्या सेकंदाला. ३२ सेकंद भरले की उचलणारी बाजू हार मानून बाय (कॉल संपवणारा संदेश) पाठवते. आवाजाचा याच्याशी संबंध नाही, कारण आरटीपीची (आवाजाची) पाकिटं एसडीपीत (संदेशातल्या आवाजाच्या तपशिलात) दिलेल्या पत्त्यावर आधीच धावू लागलेली असतात. म्हणून ग्राहक म्हणतो, "बोलता बोलता कट झाला."

मग अ‍ॅक जातो कुठे? २०० ओकेचा अ‍ॅक हा स्वतंत्र ट्रान्झॅक्शन असतो. ज्या वाटेने इन्व्हाइट आला त्याच वाटेने तो परतेल असं नाही. तो २०० ओके मधल्या कॉन्टॅक्ट हेडरच्या पत्त्यावर जातो, आणि रेकॉर्ड-राउट (मधल्या सर्व्हरनी नोंदवलेली वाट) असेल तर त्या वाटेने. तुमचे फक्त येणारे कॉल तुटतायत, म्हणजे कॉन्टॅक्ट तुमचा आहे. आणि निम्मेच तुटतायत, नोड दोन आहेत, तेव्हा एका नोडचा कॉन्टॅक्ट एसबीसीतून न बदलता बाहेर जात असावा. बाहेरच्या ऑपरेटरला १०.२०.५.१४ सारखा खासगी पत्ता दिला तर तो अ‍ॅक पाठवणार कुठे?

तपासणी दहा मिनिटांची आहे. एसबीसीच्या बाहेरच्या इंटरफेसवर एसएनग्रेप किंवा टीसीपीडंप (पाकिटं पकडणारी साधनं) लावा आणि तुटणारा एक कॉल पूर्ण पकडा. २०० ओके ची ओळ एकूण ११ वेळा दिसेल: एक मूळ आणि दहा पुनरावृत्ती. त्यातला कॉन्टॅक्ट वाचा. मग नीट चालणाऱ्या कॉलचा २०० ओके शेजारी ठेवा. दोन्ही कॉल कोणत्या नोडवर उतरले तेही लिहून ठेवा.

उपाय एसबीसीवर करायचा. टोपोलॉजी हायडिंग (आतले पत्ते झाकून बाहेरचा पत्ता लिहिणं) दोन्ही नोडच्या पीअर-ग्रुपला लागू आहे ना ते पाहा. पुष्कळदा दुसरा नोड नंतर जोडलेला असतो आणि त्याला डीफॉल्ट प्रोफाइल राहून जातं. एसबीसी आणि लाइन यांच्यामध्ये फायरवॉल असेल तर त्यातलं एसआयपी एएलजी (एसआयपी संदेशातले पत्ते आपणहून बदलणारी सोय) बंद करा. एसबीसी असताना एएलजीचं काहीच काम नाही. दोघंही पत्ते बदलायला लागले की कॉन्टॅक्ट एकाचा आणि एसडीपीतला पत्ता दुसऱ्याचा अशी भेसळ होते, आणि ती शोधणं फार कष्टाचं असतं.

टायमर वाढवून हा दोष झाकू नका. कॉल ३२ ऐवजी ६४ सेकंदांनी तुटेल, बाकी काही बदलणार नाही.

---

एरलांग_बी

२ आणि ४ मी घेतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. ई१ वर मर्यादा एकच होती, चॅनेल. एसआयपी ट्रंकवर मर्यादा चार असतात: एका वेळचे कॉल, दर सेकंदाला सुरू होणारे कॉल, दर सेकंदाची पाकिटं, आणि एका संदेशाचा आकार. करारात बहुधा पहिलीच ठळक लिहिलेली असते आणि उरलेल्या तीन जोडपत्रात दडलेल्या असतात. तुमचा ५०३ दुसरीमुळे येतोय असं मला वाटतं.

हिशोब असा. साध्या व्यावसायिक वाहतुकीत निम्मे कॉल उचलले जातात, उचललेला कॉल सरासरी १५० सेकंद चालतो आणि प्रत्येक प्रयत्नात १५ सेकंद रिंग वाजते असं धरा. मग एका प्रयत्नाचा सरासरी वेळ ७५ अधिक १५, म्हणजे ९० सेकंद. १३० कॉल चालू असताना दर सेकंदाला १.४ नवे कॉल सुरू होतात. काहीच भार नाही.

आता कॉल सेंटरचा डायलर (आपोआप नंबर लावणारं यंत्र). २० टक्के कॉल उचलले जातात, उचललेला कॉल ३० सेकंदांचा, रिंग तीच १५ सेकंद. एका प्रयत्नाचा वेळ ६ अधिक १५, म्हणजे २१ सेकंद. त्याच १३० कॉलना आता सरासरी ६.२ सीपीएस (दर सेकंदाला सुरू होणारे कॉल) लागतात, आणि डायलर कॉल झुंडीने सोडतो म्हणून एखाद्या सेकंदात १२-१५ सुद्धा. करारात ५ सीपीएस असेल तर ११ ते १ च्या वेळात ५०३ येणं अटळ आहे. तुमच्या सीडीआरमधून (कॉलच्या नोंदींतून) दर सेकंदाला गेलेले इन्व्हाइट मोजा. मिनिटाची सरासरी काढू नका, तिच्यात झुंड दिसतच नाही.

पाच मिनिटं सगळे कॉल ई१ वर का जातात? ५०३ सोबत रिट्राय-आफ्टर: ३०० येत असणार. नियमच असा आहे की तेवढा वेळ त्या सर्व्हरला नवी विनंती पाठवू नये. तुमचा सॉफ्टस्विच नियम पाळतोय. पण एक कॉल नाकारला गेला म्हणून सगळा ट्रंक बंद करणं इथे योग्य नाही. उपाय या क्रमाने करा:

तुमच्याच एसबीसीवर बाहेर जाणारी मर्यादा कराराच्या किंचित खाली ठेवा. करार ५ चा असेल तर ४. वरचा प्रत्येक कॉल, तेवढा एकच कॉल, दुसऱ्या राउटवर जाऊ दे. असं केलं की समोरून ५०३ येण्याची वेळच येत नाही.

डायलरला पेसिंग लावा. एका सेकंदात पाच सोडण्यापेक्षा दर २०० मिलिसेकंदांनी एक. एकूण वेग तोच राहतो आणि मर्यादेला धडक बसत नाही.

ऑपरेटरकडे १५ सीपीएस मागा आणि मोजणीची खिडकी एका सेकंदाची आहे की दहा सेकंदांची ते लेखी घ्या.

११२ चे कॉल या सगळ्या मर्यादांतून वगळा आणि त्यांना स्वतंत्र राउट द्या. डायलरच्या गर्दीत आपत्कालीन कॉल ५०३ खाऊन परतता कामा नये. यात तडजोड नको.

आता बँडविड्थ. जी.७११, २० मिलिसेकंदांचं पाकीट: आवाज १६० बाइट, आरटीपी-यूडीपी-आयपी मिळून ४०, इथरनेटचे १८. एकूण २१८ बाइट, सेकंदाला ५० पाकिटं, म्हणजे एका बाजूला ८७.२ केबीपीएस. २४० कॉलना साधारण २१ एमबीपीएस. प्रिअ‍ॅम्बल आणि फ्रेममधलं अंतर धरलं तरी सुमारे २२.८. तुमच्या ५० मध्ये हे आरामात बसतं. जी.७२९ ला ३१.२ केबीपीएस लागतात, म्हणजे २४० ला साडेसात एमबीपीएस. वाचणारे साडेतेरा एमबीपीएस तुमच्या काहीच कामाचे नाहीत. उलट ट्रान्सकोडिंगचे (कोडेक बदलण्याचे) २४० चॅनेल विकत घ्यावे लागतील, आवाज उतरेल आणि फॅक्स तर पूर्ण बसेल. जी.७११ चा ए-लॉ प्रकार, पेलोड ८, पहिल्या पसंतीला ठेवा आणि विषय संपवा. कुणा ग्राहकाचा क्लाउड पीबीएक्स (कार्यालयाचं आतलं एक्स्चेंज) फक्त म्यू-लॉ देत असेल तर ए-लॉ मधलं रूपांतर साध्या कोष्टकाने होतं, त्याला डीएसपी (वेगळी चिप) लागत नाही.

लक्ष द्यायचं ते पाकिटांकडे. २४० कॉल म्हणजे एका दिशेला १२,००० आणि दोन्ही मिळून २४,००० पाकिटं दर सेकंदाला. एमबीपीएस कमी दिसतात म्हणून छोटा राउटर ठेवला आणि त्यावर एसीएल, नॅट, लॉगिंग अशी जादा कामं लावली की सीपीयू भरतो आणि आवाज फाटायला लागतो. राउटरच्या माहितीपत्रकात ६४ बाइटच्या पाकिटांचा आकडा शोधा, १५०० चा बघू नका. आवाजाला डीएससीपी (पाकिटाचं प्राधान्य सांगणारी खूण) ४६, सिग्नलिंगला २४, आणि ऑपरेटर ही खूण मान्य करतो की पुसून टाकतो ते दोन्ही टोकांना कॅप्चर करून खात्री करा.

एक चांगली गोष्टही सांगतो. ई१ वेगवेगळ्या ट्रंक-ग्रुपमध्ये असतील तर ०.५ टक्के ब्लॉकिंगला (चॅनेल न मिळणारे कॉल) ३० चॅनेलचा एक ई१ फक्त १९ एरलांग (सरासरी एकाच वेळी चालू असलेले कॉल) वाहतो, आठ मिळून १५२. तेच २४० चॅनेल एका गटात आले की सुमारे २१० एरलांग वाहतात. चॅनेल तेवढेच, वाहतूक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली. म्हणून एसआयपीवर शहरवार कप्पे पाडू नका. पुणे ८०, नाशिक ८० असं वाटलंत की हा फायदा गेला. दोन एसबीसीत भार वाटा, पण एकटी एसबीसी पूर्ण २४० पेलेल एवढं लायसन्स प्रत्येकीवर असू द्या.

---

एमटीयू_१५००

क्रमांक ३, हरवणारे फॉरवर्डेड कॉल. ऑपरेटर बहुधा खरं बोलतोय. इन्व्हाइट निघालाय, पण वाटेत त्याचे दोन तुकडे झालेत आणि दुसरा तुकडा कुणीतरी टाकून दिलाय.

इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट. आयपीचे २० आणि यूडीपीचे ८ वजा केले की एसआयपीला १४७२ उरतात. साधा इन्व्हाइट हजाराच्या आसपास असतो. कॉल फॉरवर्ड झाला की डायव्हर्जन किंवा हिस्ट्री-इन्फोची (कॉल कुठून वळला ते सांगणारी) ओळ वाढते, दोनदा झाला तर दोन ओळी. व्होएलटीई फोनवरून आला असेल तर एसडीपीत एएमआर आणि एएमआर वाइडबँड या मोबाइल कोडेकच्या लांबलचक ओळी. ऑपरेटर एसआयपी-आय वापरत असेल तर आयएसयूपीचा (जुन्या टेलिफोन सिग्नलिंगचा) मजकूर वेगळा जोडलेला. १४७२ ओलांडले की आयपी त्याचे तुकडे करतं, आणि दुसऱ्या तुकड्यात यूडीपीचा पोर्ट नंबर नसतो. "एसआयपीचा पोर्ट ५०६० येऊ द्या, बाकी अडवा" असा नियम लावलेली फायरवॉल तो तुकडा अडवते. एसबीसी अर्ध्या संदेशाची वाट पाहून तो सोडून देते आणि लॉगमध्ये काहीच उमटत नाही. तुमची लाइन जीआरई (पाकिटाभोवती आणखी वेष्टन घालणाऱ्या) टनेलमधून येत असेल तर आणखी २४ बाइट गेले, मर्यादा १४४८ वर आली.

सिद्ध करायचं असेल तर फायरवॉलच्या बाहेर कॅप्चर लावा आणि पोर्टवर फिल्टर करू नका. पोर्टवर फिल्टर केलंत तर दुसरा तुकडा तुमच्या कॅप्चरलाही दिसणार नाही, आणि नेमकं तिथेच लोक चकतात. ऑपरेटरच्या सिग्नलिंग पत्त्यावरून येणारं सगळं पकडा. सोबत डोन्ट-फ्रॅगमेंट लावून १४७२ बाइटचा पिंग मारून पाहा. तो परत आला नाही तर वाटेचा एमटीयू (एका पाकिटाची कमाल मर्यादा) १५०० पेक्षा कमी आहे.

उपाय: त्या ऑपरेटरच्या पत्त्यावरून येणारे तुकडे फायरवॉलवर मोकळे करा, खासगी लाइन असल्याने धोका फारसा नाही. ऑपरेटरला कोडेकची यादी ए-लॉ आणि टेलिफोन-इव्हेंट (बटणांचे सूर) एवढीच ठेवायला सांगा. कायमचा उपाय मात्र सिग्नलिंग टीसीपीवर नेण्याचा. आरएफसी ३२६१ स्वतःच सांगतो की वाटेचा एमटीयू माहीत नसेल आणि विनंती १३०० बाइटच्या वर असेल तर यूडीपी वापरू नये. टीसीपीवर जाताना एकच सांभाळा: कनेक्शन निष्क्रिय राहिलं म्हणून फायरवॉल ते गुपचूप तोडते आणि पुढचा पहिला कॉल अडखळतो. ३० सेकंदांनी ऑप्शन्स (समोरचा जागा आहे का विचारणारा संदेश) पाठवत राहिलात की ते टळतं.

ऑप्शन्सवरून आठवलं. समोरून ४०४ किंवा ४०५ असं नकाराचं उत्तर आलं तरी ट्रंक जिवंत आहे असंच धरा. उत्तर आलं, म्हणजे कुणीतरी आहे. फक्त उत्तरच नसेल तेव्हा ट्रंक खाली समजा, तेही लागोपाठ दोन-तीन वेळा.

---

घाटमाथा_नेट

लॅडर_वाचक, एरलांग_बी, एमटीयू_१५००, मनापासून आभार. दुसऱ्या नोडच्या २०० ओके मध्ये खासगी पत्ताच जात होता. प्रोफाइल लावल्यापासून ३२ सेकंदांचा एकही कॉल नाही. तुकड्यांचंही खरं निघालं: हरवणारे इन्व्हाइट १५६० ते १७०० बाइटचे आहेत. करारात सीपीएस ५ च आहे, वाढीव मागणी पाठवली.

आता मोठे कॉल टिकू लागले तर नवीन दिसलं. काही कॉल २९ मिनिटं २८ सेकंदांना तुटतात, दर वेळी तेच. आणखी एक, "हा क्रमांक अस्तित्वात नाही" ही घोषणा आमच्या ग्राहकांना ऐकू येत नाही, नुसती रिंग वाजत राहते. कॉलर ट्यूनही नाही.

---

लॅडर_वाचक

२९:२८ म्हणजे १७६८ सेकंद. १८०० वजा ३२. हा सेशन टायमर (कॉल अजून जिवंत आहे का हे ठराविक काळाने तपासणारा), आरएफसी ४०२८.

सेशन-एक्स्पायर्स १८०० ठरलं असेल तर ज्याच्याकडे रिफ्रेशरची जबाबदारी आहे त्याने साधारण निम्म्या वेळाला, ९०० सेकंदांवर, अपडेट किंवा री-इन्व्हाइट (चालू कॉल ताजा करणारे संदेश) पाठवायचा. तो पोचला नाही तर दुसरी बाजू मुदत संपण्याच्या थोडं आधी कॉल सोडते. किती आधी, तर ३२ सेकंद किंवा मुदतीचा एक तृतीयांश, यांतलं जे कमी ते. १८०० ला ते ३२ च येतं.

तेव्हा कॅप्चरमध्ये कॉल तुटण्याची जागा पाहू नका, १५ व्या मिनिटाची पाहा. नेहमी आढळणारी कारणं तीन. एक, ऑपरेटर अपडेट पाठवतो आणि तुमची एसबीसी तो आतल्या नोडला न देता गिळते. दोन, रिफ्रेशर कोण हे दोन्ही बाजूंना वेगळं वाटतं: एसबीसी एका पायावर (कॉलच्या एका बाजूला) यूएसी (कॉल करणारा) सांगते आणि दुसऱ्यावर यूएएस (कॉल घेणारा), मग दोघंही समोरच्याची वाट पाहतात. तीन, रिफ्रेशचा री-इन्व्हाइट एसडीपीसकट जातो, समोरचा त्याला नवी कोडेक मागणी समजतो आणि ४८८ (मान्य नाही) देतो. सगळ्यात शांत मांडणी म्हणजे एसबीसीने दोन्ही पायांवर सेशन टायमर स्वतंत्रपणे सांभाळायचा आणि दोन्हीकडे रिफ्रेशर स्वतः व्हायचं, एसडीपी नसलेल्या अपडेटने. ऑपरेटरच्या अलाउ हेडरमध्ये अपडेट आहे ना तेवढं आधी बघा. सेशन टायमर पूर्ण बंद करू नका. बाय हरवलेला कॉल मग तासन् तास चालू दिसत राहतो आणि चॅनेल अडवून बसतो.

घोषणा आणि कॉलर ट्यूनचं दुखणं वेगळं आहे. दोन्ही कॉल उचलण्याआधी, १८३ (कॉलची प्रगती) सोबत आलेल्या एसडीपीवरून वाजतात. पुष्कळ नेटवर्क आधी १८० (रिंग वाजतेय) देतात आणि मग १८३. तुमचा सॉफ्टस्विच १८० आला की स्वतःची रिंग सुरू करतो आणि नंतरच्या १८३ कडे दुर्लक्ष करतो. "नंतर एसडीपी आली तर स्थानिक रिंग थांबवून समोरचा आवाज जोड" हे सेटिंग असतं, ते चालू करा. एसबीसीवर अर्ली मीडिया (उचलण्याआधीचा आवाज) फक्त ऑपरेटरच्या बाजूने आत येऊ द्या, उलट दिशेला बंद ठेवा. ती मोकळी सोडली तर बिल सुरू होण्याआधी दोन्हीकडून बोलणं होऊ शकतं आणि त्याचा गैरफायदा घेणारे घेतात.

---

नोंदवही

बिलिंग आणि राउटिंगच्या बाजूने काही गोष्टी, कारण त्या महिनाअखेरीला उघड होतात.

कारण-कोडचं भाषांतर एकदा नीट बसवून घ्या. आरएफसी ३३९८ प्रमाणे क्यू.८५० (जुन्या नेटवर्कचे कारण-कोड) चा १ म्हणजे ४०४ (नंबर नाही), १७ म्हणजे ४८६ (व्यस्त), आणि ३४, ३८, ४१, ४२ हे सगळे ५०३. परतीच्या वाटेवर ५०३ चा एकच ४१ होतो. म्हणजे सर्किट भरलं होतं, नेटवर्क पडलं होतं की सीपीएस संपलं होतं, हे नोंदीत कळेनासं होतं. ऑपरेटरला रीझन हेडर पाठवायला सांगा, त्यात मूळ कारण जसंच्या तसं येतं, आणि सीडीआरमध्ये त्याला वेगळा रकाना द्या. दुसऱ्या राउटवर कॉल कधी न्यायचा ते यावरूनच ठरतं. ५०३, ५०० आणि बिनउत्तराचा इन्व्हाइट यांवर पुढे न्या. ४८६ आणि ४०४ वर कधीही नाही. व्यस्त नंबरला तीन वाटांनी तीनदा हाक मारलीत तर तुमचा एएसआर (उचललेल्या कॉलचं प्रमाण) पडतो आणि सीपीएस तिप्पट खर्च होतं, ज्याचा तुम्हाला आधीच तुटवडा आहे. बिनउत्तराच्या इन्व्हाइटसाठी पूर्ण ३२ सेकंद थांबू नका. १०० ट्राइंग चार-पाच सेकंदांत आला नाही तर पुढचा राउट घ्या.

कॉलचा वेळ २०० ओके पासून बाय पर्यंत मोजायचा हे दोन्ही बाजूंनी लेखी ठरवा. पूर्णांक सेकंद करताना वर न्यायचं की जवळच्यावर, हेही. घड्याळं जुळली नसतील तर मध्यरात्रीचे कॉल एका बाजूला ३० तारखेत आणि दुसऱ्या बाजूला १ तारखेत पडतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी घड्याळ जुळवणं तसंही बंधनकारक आहे. सीडीआर दोन वर्षं जपायचे आहेत, डिसेंबर २०२१ पासून, तेव्हा साठवण आताच मोजून घ्या.

देशातल्या कॉलचा टर्मिनेशन चार्ज (दुसऱ्याचा कॉल पोचवण्याचं शुल्क) १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे, त्यामुळे तिथे भांडण होत नाही. पैसा आहे तो परदेशातून येणाऱ्या कॉलमध्ये. मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे या पट्ट्यात तो ठरतो. म्हणूनच परदेशी कॉल देशी ट्रंकमधून सरकवण्याचा मोह कुणाला तरी होतो आणि तुमचा एखादा ग्राहक-पीबीएक्स त्याची वाट बनू शकतो. ग्राहकाच्या ट्रंकवरून फक्त त्याला दिलेले नंबरच कॉलर म्हणून बाहेर जाऊ देत. पी-अ‍ॅसर्टेड-आयडेंटिटी (कॉलर कोण हे सांगणारी ओळ) ग्राहकाकडून आलेली तशीच पुढे ढकलू नका, एसबीसीवर तुम्ही लिहा. एखाद्या कनेक्शनवर जाणारे कॉल शेकड्यांनी, येणारा एकही नाही आणि प्रत्येक वेळी वेगळा नंबर, असं दिसलं की त्याच दिवशी तपासणी करा.

कॉल सेंटरच्या बाबतीत प्रचाराच्या कॉलना १४० ची मालिका आणि सेवा-व्यवहाराच्या कॉलना १६०० ची. या दोन मालिका एसबीसीवर वेगळ्या ट्रंक-ग्रुपमध्ये ठेवा. एरलांग_बी म्हणतात ते कप्पे न पाडण्याचं तत्त्व चॅनेलपुरतं बरोबर आहे, पण सीपीएसला मात्र इथे कप्पा हवाच. १० सीपीएस मिळाले तर ६ डायलरला आणि ४ इतरांना राखीव. नाहीतर एका कॉल सेंटरच्या मोहिमेपायी रुग्णालयाचा कॉल लागत नाही.

आंतरराष्ट्रीय कॉल ग्राहकनिहाय बंद ठेवूनच सुरुवात करा. मागेल त्याला देश निवडून उघडा, दिवसाची रुपयांत मर्यादा लावा. पीबीएक्सचा पासवर्ड फुटला की चोर महागड्या नंबरवर शनिवार-रविवारच्या रात्री कॉल लावतात, कारण तेव्हा बघायला कुणी नसतं. इशारा सोमवारी सकाळच्या अहवालात येऊन उपयोग नाही, मर्यादेलाच कॉल थांबला पाहिजे.

---

एमटीयू_१५००

फॅक्सचं राहिलं होतं. पहिलं पान जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर अडतं, म्हणजे सुरुवातीची ओळखपाळख होतेय आणि नंतर कुठेतरी पाकीट हरवतंय किंवा जिटर बफर (पाकिटांचा उशीर सावरणारा साठा) आपला आकार बदलतोय. त्या रुग्णालयांच्या लाइनवर व्हीएडी (शांततेत पाकिटं थांबवणं) बंद, इको कॅन्सलर फॅक्सचा सूर ओळखून बंद होणारा, जिटर बफर स्थिर. ऑपरेटर टी.३८ (आयपीवर फॅक्स पाठवण्याची पद्धत) देत असेल तर री-इन्व्हाइटने त्यावर जाऊ द्या आणि रिडंडन्सी २ ठेवा. देत नसेल तर ए-लॉ वरच पाठवा आणि यंत्राचा वेग ९६०० वर बांधा. ३३,६०० वाली सुपर-जी-३ यंत्रं असतील तर त्यांचा व्ही.३४ (हा वेगवान मोड) बंद करणं हा पहिला उपाय, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.

---

घाटमाथा_नेट

व्ही.३४ बंद केल्यावर दोन रुग्णालयांचे दहा-दहा पानांचे फॅक्स गेले. २९:२८ चं कारण तुम्ही म्हणालात त्यातलं पहिलं: अपडेट आत पोचत नव्हता. आता उरलेली वाहतूक कशी वळवावी? एका रात्रीत की टप्प्यांनी?

---

एरलांग_बी

टप्प्यांनी. टक्केवारीच्या राउटिंगने आधी ७५, मग ९०, मग १००, आणि प्रत्येक टप्प्यावर किमान एक पूर्ण सोमवार जाऊ द्या. तुमच्याकडे गर्दीचा दिवस तोच असणार. रात्री वळवून सकाळी "सगळं ठीक" म्हणू नका, रात्री ना डायलर चालतो ना फॉरवर्डिंग.

प्रत्येक टप्प्याला ई१ आणि एसआयपी शेजारी-शेजारी ठेवून चार आकडे बघा: एएसआर, एसीडी (कॉलची सरासरी लांबी), पीडीडी (नंबर लावल्यापासून रिंगपर्यंतचा वेळ) आणि एनईआर (नेटवर्कने पोचवलेल्या कॉलचं प्रमाण). एएसआर ग्राहक कोण यावर हलतो, म्हणून एकाच ग्राहकाचा दोन्ही वाटांवरचा घ्या. एनईआर मध्ये व्यस्त आणि न उचललेले कॉलही यशस्वी धरले जातात, त्यामुळे तो खऱ्या अर्थाने नेटवर्कचा आकडा. तो ९५ च्या खाली गेला तर पुढचा टप्पा थांबवा. एसीडी अचानक घटला आणि एएसआर तसाच राहिला तर आवाज एकतर्फी होतोय असं समजा, लोक "हॅलो हॅलो" करून ठेवतायत. त्या वेळी १० सेकंदांच्या आतल्या कॉलची यादी काढा आणि प्रत्येकाच्या एसडीपीतला पत्ता व पोर्ट बघा. फायरवॉलवर आरटीपीची पोर्ट-रेंज चाचणीपुरती छोटी उघडलेली असते आणि कॉल वाढले की ती संपते. २४० कॉलना ऑपरेटरच्या बाजूला ४८० पोर्ट लागतात, आरटीपी आणि आरटीसीपी (त्याची नियंत्रण-पाकिटं) धरून. दुप्पट उघडा.

१०० टक्के झाल्यावर एकदा दुपारी चारच्या सुमारास, ऑपरेटरला सांगून, चालू एसबीसीची केबल काढा. चालू कॉल टिकतात का आणि नवे कॉल किती सेकंदांत दुसरीवर लागतात ते मोजा. हे झाल्याशिवाय ई१ परत करण्याचा अर्ज देऊ नका. दोन ई१ पुढचं बिलिंग चक्र पूर्ण होईपर्यंत राहू द्यात, त्यावर ११२ चा दुसरा राउट ठेवा.